हार्ट अटॅक आला म्हणजे आयुष्यभर आराम? या डॉक्टरांनी अमेरिकेला चालायला लावलं!

२४ सप्टेंबर १९५५. सुट्टीसाठी डेन्व्हरला गेलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला. सोमवारी शेअर बाजार उघडला आणि धाडकन कोसळला. ६४ वर्षांचा हा माणूस पुन्हा कामावर येईल का, हाच प्रश्न सगळ्यांना पडला होता.

तपासणीसाठी बोस्टनहून डॉ. पॉल डडली व्हाइट यांना बोलावण्यात आलं. हार्ट अटॅक म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यांनी पत्रकारांना सोप्या भाषेत समजावून सांगितलं. एका रात्रीत ते अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचले.

व्हाइट यांचा जन्म १८८६ चा. वडील फॅमिली डॉक्टर. १९११ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टर झाल्यावर ते लंडनला थॉमस लुईस यांच्याकडे ईसीजीचं नवं तंत्र शिकले. १९२४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन स्थापन करणाऱ्यांमध्येही ते होते.

त्या काळी हार्ट अटॅकच्या पेशंटला कित्येक आठवडे अंथरुणात ठेवत. बरा झाल्यावरही तो जिना चढायला घाबरायचा. घरचेही त्याला उठू द्यायचे नाहीत. व्हाइट यांचं मत वेगळं होतं. सुरुवातीला विश्रांती हवीच, पण हृदय सावरलं की हळूहळू हालचाल वाढवायची. चालताना पायांचे स्नायू आवळले जातात आणि रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. म्हणजे पाय हे हृदयाचे मदतनीसच!

आयझेनहॉवर सुमारे सात आठवडे दवाखान्यात होते. पुढे ते पुन्हा गोल्फ खेळू लागले आणि १९५६ ची निवडणूकही जिंकले. हार्ट अटॅकनंतरही माणूस देश चालवू शकतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

मिळालेली प्रसिद्धी व्हाइट यांनी खुर्चीला चिकटलेल्या धडधाकट माणसांसाठी वापरली. चाला, जिने चढा, सायकल चालवा, असं ते सांगत राहिले. उतारवयातही ते स्वतः सायकल चालवत. त्यामुळे लोकांना त्यांचं म्हणणं पटायचं. १९७३ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. बोस्टनमध्ये चार्ल्स नदीकाठच्या सायकल मार्गाला आज त्यांचं नाव आहे.

आता जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. म्हणून पुढच्या वेळी फॅमिली डॉक्टरकडे गेलात, तर गोळ्यांसोबत एवढंही विचारा: रोज किती चालू?