पंडिता रमाबाईंचें विलायतेंतील शिक्षण

खेड्यापाड्यांतील आपल्या मंडळ्यांत पंडिता रमाबाईंचें नांव ज्यास ठाऊक नाहीं असा मनुष्य विरळा. केडगांवचें मुक्तिसदनही सर्वांनीं ऐकलें आहे. परंतु पंचवीस वर्षांच्या असतां त्या विद्यार्थिनी म्हणून विलायतेस गेल्या, जें शिकावयास गेल्या तें त्यांस शिकतां आलें नाहीं, व परत आल्या त्या दुसरेंच कांहीं शिकून, ही हकीकत आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच माहीत असेल. ती येथें सांगतों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं कर्नाटकांतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें व त्यापायीं पंडितांचा रोष पत्करला. आईनें तीच विद्या मुलीस दिली. बाराव्या वर्षाच्या सुमारास मुलीस पुराणांतील १८,००० श्लोक मुखोद्गत होते. पुढें दुष्काळांत आईबाप व वडील बहीण गेलीं. भाऊ श्रीनिवास व रमाबाई उपाशीपोटीं देशभर पायीं हिंडलीं. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांस सरस्वती ही पदवी दिली. १८८० त भाऊ वारला, त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांचा विवाह झाला, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पटकीनें तेही गेले. पदरीं दहा महिन्यांची मनोरमा.

पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना ह्या देशांतील स्त्रियांकरितां स्त्री डॉक्टर पाहिजेत असें त्यांनीं निक्षून सांगितलें, व आपणच तें शिक्षण घ्यावें असें मनांत आणलें. 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहून विकलें आणि त्यांतून प्रवासखर्च उभा केला. पुण्यास काम करणाऱ्या वाँटेज येथील भगिनीमंडळानें विलायतेंत आश्रय देण्याचें कबूल केलें. आपण धर्म बदलणार नाहीं असा त्या वेळीं त्यांचा निश्चय होता. एप्रिल १८८३ मध्यें लहान मुलीस कडेवर घेऊन, आनंदीबाई भगत या सोबतिणीसह, त्या मुंबईहून निघाल्या. तें बंदर आमच्या जूचंद्राहून फार लांब नाहीं. पण विधवेनें त्या काळीं समुद्र ओलांडणें म्हणजे आपल्या लोकांतून उठणें, हें विसरूं नये.

वाँटेजला पोहोंचल्यावर थोड्याच काळांत उमगलें कीं, कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें वैद्यकाचें शिक्षण घेतां येणार नाहीं. ज्या कारणास्तव सर्व सोडलें तें कारणच नाहींसें झालें. वर सोबतीणही कांहीं महिन्यांतच परक्या भूमींत दुःखद रीतीनें मरण पावली.

भगिनींनीं त्यांस हवापालट म्हणून लंडनजवळ फुलहॅम येथें पाठविलें. मुक्काम थोड्या दिवसांचाच. तेथें वाईट मार्गास लागलेल्या स्त्रियांकरितां भगिनींनीं आश्रयगृह चालविलें होतें. ज्यांस कोणी दारांत उभें करणार नाहीं अशा स्त्रिया तेथें मानानें राहत होत्या; कांहीं तर इतक्या पालटल्या होत्या कीं, आतां स्वतः दुसऱ्यांची सेवा करीत. रमाबाई थक्क झाल्या. इतकीं शास्त्रें पाठ होतीं, तीर्थें पायांखालून गेलीं होतीं, पण पतितेवर अशी दया करणारें कोणी त्यांनीं पाहिलें नव्हतें. ह्या बायकांची तुम्हांस काळजी कां वाटते, असें त्यांनीं एका भगिनीस विचारलें. तिनें योहानाच्या शुभवर्तमानाचा चवथा अध्याय उघडून शोमरोनी स्त्रीची गोष्ट समजावून दिली. आमचे उपदेशक बंधु ही गोष्ट पुष्कळदां सांगतात. परंतु त्या दिवशीं पुस्तकांतील गोष्ट व डोळ्यांसमोरचें घर ह्यांत अंतर नव्हतें, म्हणून ती अंतःकरणांत शिरली असें आम्हांस वाटतें.

२९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुण्याचे मित्र फार दुखावले. इकडे नवीन आप्तांशींही सर्व सुरळीत नव्हतें. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत त्या स्वतः शिकत व संस्कृत शिकवीत. तेथें पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याची गोष्ट निघतांच मुंबई व लाहोरच्या बिशपांनीं हरकत घेतली. ज्या बाईनें भरसभेंत पंडितांपुढें भाषणें केलीं तिला हें काय सांगावें! रमाबाईंनीं स्पष्ट विरोध लिहून कळविला. मांसाहार त्यांनीं धरला नाहीं; क्रूसावर अक्षरें असावयाचींच तर लॅटिन नकोत, संस्कृत असावींत, असा आग्रह धरला. भगिनींस हा अहंकार वाटे. त्यांचें प्रेम खरें होतें. पण आमच्या मतें ह्या वादांत रमाबाईच खऱ्या होत्या. ख्रिस्ताची शिष्या होण्यासाठीं विलायती होण्याचें त्यांस कारण नव्हतें.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं त्या अमेरिकेस गेल्या व तेथें जवळजवळ तीन वर्षें राहिल्या. बालोद्यान पद्धतीचें शिक्षण घेतलें, ठिकठिकाणीं व्याख्यानें दिलीं. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांकरितां शारदासदन उघडलें. तें पुढें पुण्यास नेलें. ख्रिस्ती धर्म आपणास मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हें बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं त्यांच्या ध्यानीं आलें, असें त्या स्वतः सांगत. एवढ्या विदुषीनें हें मोकळेपणीं कबूल करावें, ह्याचें आम्हांस विशेष वाटतें.

१८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्य प्रांतांत गेल्या व शेंकडों उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या. त्यांच्यासाठीं केडगांवच्या माळावर मुक्तिसदन वसलें. त्यांत कांहीं अशाही आल्या कीं ज्यांस इतर मुलींबरोबर ठेवण्यासही लोक कचरत. त्यांच्याकरितां १८९९ सालीं रमाबाईंनीं त्याच आवारांत निराळें घर काढलें व त्यास कृपासदन हें नांव दिलें. फुलहॅमच्या त्या मुक्कामास तेव्हां सोळा वर्षें होत आलीं होतीं.