दगडांची साक्ष मानणारा कायदेपंडित

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हाची गोष्ट. २९ सप्टेंबर १९२८ रोजी या भागात आकाशातून अशनी, म्हणजेच उल्कापाषाण, कोसळला. जगाच्या अशनी-सूचीत तो ‘नाओकी’ या नावाने नोंदला गेला. अशनीला माणसाचे नव्हे, तर पडल्या ठिकाणाजवळच्या गावाचे, नदीचे वा डोंगराचे नाव देण्याचा प्रघात आहे. आज ‘मेटिऑरिटिकल सोसायटी’ची नामकरण समिती त्यावर शिक्कामोर्तब करते आणि त्यासाठी दगडाचे वर्गीकरण होऊन नमुना संस्थेत जमा असावा लागतो. परंतु आकाशातून दगड पडतात, हेच एकेकाळी विद्वानांना मान्य नव्हते. अर्न्स्ट क्लाड्नी यांनी या समजुतीला आव्हान दिले.

क्लाड्नी यांचा जन्म जर्मनीतील विटेनबर्ग येथे ३० नोव्हेंबर १७५६ रोजी झाला. कायद्याचे प्राध्यापक असलेल्या कडक शिस्तीच्या वडिलांपायी त्यांनी कायद्याची पदवी घेतली. १७८२ मध्ये वडील वारले आणि ते विज्ञानाकडे वळले. वाळू पसरलेल्या पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज फिरवून ते नादाच्या आकृत्या उमटवीत. त्यामुळे त्यांचे नाव युरोपभर झाले. विद्यापीठात नोकरी मात्र कधीच मिळाली नाही. शहरोशहरी प्रयोग दाखवून त्यांनी चरितार्थ चालविला.

१७९३ मध्ये गॉटिंगेन येथे लिख्टेनबर्ग या शास्त्रज्ञाशी अग्निगोलांविषयी चर्चा झाली आणि क्लाड्नी तीन आठवडे ग्रंथालयात बसले. जुन्या नोंदींत देश वेगळे, काळ वेगळा, सांगणारे एकमेकांना अनोळखी. हकिगत मात्र तीच. आधी तेजस्वी गोळा, मग गडगडाट, मग दगड. पंडित याला अडाण्यांच्या कंड्या म्हणत. साक्षीपुरावा तोलण्याचे शिक्षण झालेल्या क्लाड्नींना इतके साक्षीदार खोटे वाटेनात. हे दगड अवकाशातूनच येतात, असे त्यांनी १७९४ च्या पुस्तिकेत मांडले. तिची पुष्कळ टिंगल झाली.

पुढे आकाशच त्यांच्या मदतीला आले म्हणायचे! त्याच वर्षी जूनमध्ये इटलीतील सिएना येथे, १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये आणि डिसेंबर १७९८ मध्ये आपल्याकडे बनारसजवळ दगड पडले. एडवर्ड हॉवर्ड यांच्या १८०२ मधील पृथक्करणात अशा दगडांच्या लोहात निकेल आढळले. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल येथे सुमारे तीन हजार दगड पडले. तेव्हा बिओ या शास्त्रज्ञाने गावोगाव फिरून लोकांच्या जबान्या गोळा केल्या. त्याच्या अहवालानंतर विरोध ओसरला.

क्लाड्नी ३ एप्रिल १८२७ रोजी ब्रेस्लाउ येथे निवर्तले. त्यांचा अशनी-संग्रह त्यांच्या इच्छेनुसार बर्लिन विद्यापीठाकडे गेला.