बुंदू खाँ आणि त्यांची धाकटी सारंगी

वाद्याच्या आकारावरून वाजविणाऱ्याची योग्यता ठरविण्याची खोड आपल्या समाजात फार जुनी आहे. बैठकीत मोठा तंबोरा आला की मंडळी सावरून बसतात, आणि कुणी आटोपशीर साज पिशवीतून बाहेर काढला की हा शिकाऊ असावा अशी कुजबुज सुरू होते. या समजुतीला ज्यांनी आपल्या उभ्या आयुष्याने उत्तर दिले, त्या उस्ताद बुंदू खाँ यांची ओळख आजच्या वाचकांस करून द्यावी म्हणून हा लेख. १९५५ च्या जानेवारीत कराचीस ते वारले. त्याला आता सत्तर वर्षे होऊन गेली. सारंगी ऐकणारी पिढी विरळ होत चालली, आणि खाँसाहेबांचे नावही तिच्याबरोबर मागे पडत आहे.

त्यांचा जन्म दिल्लीस १८८० साली, सारंगियांच्या घरात झाला. हे दिल्ली घराणे आपल्या हैदराबादेला परके नाही. शेवटचे मोगल बादशहा बहादूरशहा जफर यांच्या दरबारातील तानरस खाँ दिल्ली मोडल्यावर फिरत फिरत अखेर निजामाच्या आश्रयास आले आणि येथेच त्यांचा देह पडला. त्या परंपरेची दुसरी फांदी दिल्लीतच राहिली. तिच्यातले मम्मन खाँ हे बुंदू खाँ यांचे मामा आणि गुरू. मम्मन खाँ यांचे नाव झाले ते सुरसागर या वाद्यामुळे. सुरसागर म्हणजे सारंगीचेच एक थोरले, भारदस्त रूप. मामाने सारंगी वाढविली आणि पुढे भाच्याने ती लहान केली, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. थोरल्या वाद्याच्या छायेत वाढलेला मुलगा धाकट्या वाद्याकडे वळला, तो अज्ञानाने खचित नव्हे.

सारंगी म्हणजे काय प्रकरण आहे, हे ज्यांनी ती हाती घेतली त्यांनाच कळते. दोन फुटांहून थोडा अधिक लांब असा एकसंध लाकडाचा ठोकळा कोरायचा, त्यावर बकऱ्याचे कातडे मढवायचे, तीन मुख्य तारा तातीच्या, आणि त्यांच्याखाली पस्तीसएक तरफेच्या तारा. पडदे नाहीत. बोटाचे टोक तातीवर दाबायचे नाही, तर नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीने तात बाजूने रेटीत सरकायचे. आरंभीची काही वर्षे ती कातडी सोलून निघते, मग घट्टे पडतात, मग कोठे सूर लागू लागतो. बुंदू खाँ यांनी ही सारी तपश्चर्या नेहमीच्या पूर्ण आकाराच्या सारंगीवर केली. त्यांचा रियाज दिवसरात्र चाले, अशी त्यांची ख्याती होती.

एवढे कष्ट करूनही सारंगियाच्या वाट्याला मान येत नसे. गाणाऱ्याच्या मागे बसायचे, त्याची तान संपताच ती तशीच उमटवून दाखवायची, आणि बैठक संपली की मागच्या दाराने निघून जायचे. कोठ्यावरच्या साथीचा शिक्का या वाद्यावर बसलेला असल्याने पांढरपेशा घरांत ते शिकायची चोरी होती. माझे वडील संस्थानच्या अखेरच्या वर्षांत, मिसरूड फुटायच्या वयात, दरबारात दिलरुबा वाजवीत. त्यांच्या तोंडून मी पुष्कळदा ऐकले आहे की एकाच दिवाणखान्यात वीणेच्या वादकाला गालिचा असे आणि सारंगियाला सतरंजीचा कोपरा. अशा काळात बुंदू खाँ यांनी सारंगीला स्वतंत्र वादनाचे वाद्य म्हणून पुढे आणले. त्यांच्या थोरवीचा हा पहिला भाग.

त्यांना आधार मिळाला तो इंदूरच्या होळकर दरबाराचा, म्हणजे मराठी मनगटाने उभ्या केलेल्या संस्थानाचा. तिसऱ्या तुकोजीराव महाराजांचा अंमल १९०३ ते १९२६ असा झाला, आणि त्या काळात इंदूर ही गवय्यांची पंढरी होती. सतार आणि सुरबहार या दोहोंवर हुकमत असलेले इमदाद खाँ तेथेच १९२० साली निवर्तले. धृपदिये नसीरुद्दीन खाँ डागर तेथेच होते. अशा मंडळींच्या सहवासात बुंदू खाँ यांनी बरीच वर्षे काढली. आपल्या हैदराबादेतील जुन्या मराठी घरांना हे चित्र समजावून सांगायला नको. मालक एका भाषेचा, गवई दुसऱ्या भाषेचा, ऐकणारे तिसऱ्या भाषेचे, आणि सूर मात्र सर्वांचा एकच, हा संसार आपण पिढ्यान्पिढ्या केलेला आहे.

इंदूरच्या दिवसांत खाँसाहेबांना शास्त्राचा नाद लागला. नुसते वाजवून त्यांचे समाधान होईना. रागाचे नियम काय, जुन्या ग्रंथांत काय सांगितले आहे, याचा ते शोध घेऊ लागले. १९३४ साली त्यांचा ‘संगीत विवेक दर्पण’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. साथीला बसणारा माणूस ग्रंथ लिहितो, ही गोष्टच त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटली असेल.

आता त्यांच्या धाकट्या सारंगीकडे येतो. खाँसाहेबांनी नेहमीच्या सारंगीपेक्षा पुष्कळ लहान, अंगाशी सहज मावेल अशी सारंगी घडवून घेतली. बांबूपासूनही एक केली. आणि तातीऐवजी तिच्यावर धातूच्या तारा चढविल्या. जुन्या वळणाच्या लोकांना यात पोरखेळ दिसला असेल, परंतु हिशेब मांडून पाहिला तर यामागची शहाणीव कळते.

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि वजन. मर्सेन नावाच्या फ्रेंच पंडिताने १६३६ साली हा नियम ग्रंथात मांडून ठेवला. लांबी कमी केली की स्वर चढतो. तो पुन्हा मूळ जागी आणायचा तर तार सैल करावी लागते, नाही तर जड तार घालावी लागते. तात सैल केली की सूर लोळतो, आणि जाड तात घातली की आवाज बद्द होतो. पोलादाची गोष्ट निराळी. ते तातीपेक्षा सुमारे सहापट घन आहे, म्हणून पोलादी तार बारीक राहूनही हवे तेवढे वजन देते. वाद्य लहान केल्यावर तारही बदलली, या दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा गुंतलेल्या आहेत. खाँसाहेबांनी हे गणित कागदावर मांडले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्यांच्या कानाने ते मांडले होते.

हाच प्रश्न आज आमच्या तरुण पोरांपुढे वेगळ्या वेषात उभा राहतो. माझ्या वर्गात आता सतारीपेक्षा गिटारची चौकशी अधिक होते, आणि त्यातही खर्जाच्या गिटारची, जिला ही मुले बेस म्हणतात. अमेरिकेत लिओ फेंडर याने १९५१ साली जी बेस गिटार बाजारात आणली, तिच्या तारेची बोलती लांबी ३४ इंच होती, आणि तीच पूर्ण माप म्हणून रूढ झाली. दुसरे माप सुमारे ३० इंचांचे. हॅम्बुर्ग शहरात १९६१ साली पॉल मॅकार्टनी या तरुणाने व्हायोलिनच्या आकाराची जी जर्मन बेस विकत घेतली, ती या आखूड मापाची होती. पुढे बीटल्सच्या संगीताबरोबर ती जगभर ऐकली गेली.

या चार इंचांनी काय फरक पडतो? तीच तार त्याच स्वरात लावली तर आखूड गिटारवर ताण सुमारे बावीस टक्क्यांनी कमी लागतो. पहिला पडदा ३४ इंचीवर १.९ इंचांवर येतो, ३० इंचीवर १.७ इंचांच्या आत. म्हणजे बोटे कमी फाकतात, तार कमी जोराने दबते, आणि सैल तारेमुळे आवाजाला एक गोल, मऊ, भरीव अंग येते. लांब गिटारचे गुणही खरे आहेत. तिचा अगदी खालचा स्वर स्वच्छ आणि रेखीव लागतो, ताठ तार गचकत नाही, जोराने वाजविणाऱ्याच्या हाताला ती तोंड देते. एकीला पूर्ण आणि दुसरीला अपुरी म्हणण्यात मात्र अर्थ नाही. सुरबहारीचा खर्ज सतारीने मागू नये, आणि सतारीची चपळाई सुरबहारीने.

बुंदू खाँ यांनी लहान वाद्य घेतले तेव्हा त्यांनीही काही गमावले, हे लपविण्याचे कारण नाही. लहान पेटीचा आवाज लहान असतो. मोठ्या सारंगीच्या घुमाऱ्याने भरलेला महाल या धाकटीने भरला नसता. शिवाय आखूड तारेवर स्वरांच्या जागा जवळ येतात, त्यामुळे केसभर चूकही कानाला अधिक खुपते. हाताला सोपी असलेली सारंगी कानाला अशी अधिक कठीण झाली. त्या बदल्यात त्यांना मिळाले ते असे: बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्षणात पोहोचते, म्हणून तान विजेसारखी जाते, आणि धातूच्या तारेचा धारदार, लांबणारा सूर हाती येतो. त्यांच्या वादनाची जी ध्वनिमुद्रणे उरली आहेत, ती ज्याने ऐकली त्याला मी काय म्हणतो ते कळेल. त्यातला मालकंस तर विशेष ऐकावा.

आणि काळही त्यांच्या बाजूने आला. संस्थाने हळूहळू आखडत होती, पण दिल्लीस १९३६ साली रेडिओ केंद्र निघाले आणि खाँसाहेब तेथील आरंभीच्या वादकांत गणले जाऊ लागले. मायक्रोफोनला मोठा आवाज नको असतो, स्वच्छ आवाज हवा असतो. लहान वाद्याची उणीव त्या यंत्राने भरून काढली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला मज्जाव केला, तेव्हा सारंगियांना आणखी थोडे बरे दिवस आले. दरबारच्या कोपऱ्यातले वाद्य अशा रीतीने घरोघरच्या दिवाणखान्यात पोहोचले, आणि मागच्या दाराने जाणाऱ्या माणसाचे नाव निवेदक आदराने घेऊ लागला.

स्वभावाने ते अवलिया होते. अंगावरच्या चादरीखाली सारंगी धरून, दुसऱ्याचे गाणे ऐकत असतानाच ते हळूच आपला रियाज करीत, असे सांगितले जाते. मोठ्या धुडाच्या सारंगीला हे कसे जमावे! गायिका व लेखिका शीला धर यांनी आपल्या आठवणींत एक प्रसंग लिहून ठेवला आहे. त्यांच्या दिल्लीच्या घरी वसंतऋतूत खाँसाहेब दिसेनासे झाले, शोधता शोधता ते सापडले बागेत, फुलांच्या वाफ्यात आडवे पडलेले, डोळे मिटून फुलांना सारंगी ऐकवीत. हा प्रसंग वाचला की लहान वाद्याचे खरे मर्म ध्यानी येते. जे वाद्य अंगापासून दूर ठेवावे लागत नाही, ते माणसाच्या श्वासाचाच भाग होते.

फाळणीच्या वावटळीत दिल्लीची कितीतरी घरे उन्मळली. बुंदू खाँही पाकिस्तानात गेले. कराचीच्या रेडिओवर ते वाजवीत राहिले आणि तेथेच, वयाच्या पंचाहत्तरीच्या आसपास, त्यांनी देह ठेवला. मृत्यूनंतर तेथील सरकारने त्यांचा सन्मान केला. त्यांचे चिरंजीव उमराव बुंदू खाँ यांनी सारंगी आणि गायन पुढे चालविले. पोलिसांनी पहारा दिलेल्या सीमेच्या अलीकडे राहिले ते इंदूर, दिल्ली आणि त्यांना ऐकलेले कान.

हे चरित्र मी आज मुद्दाम सांगतो, त्याला कारण आहे. गेल्या वर्षी माझ्याकडे एक अकरा वर्षांची मुलगी आली. आधी ज्या वर्गात ती जात होती, तेथे तिच्या हाती पूर्ण मापाची बेस दिली होती. हात पुरेना, मनगट दुखू लागले, आणि लहान माप म्हणजे खेळणे असे तिच्या मनावर ठसविले गेले. आईवडील शिकणे बंद करण्याच्या बेतात होते. मी तिला तीस इंची गिटार आणावयास सांगितले. आज ती रोज अर्धा तास बसते, आणि तिचा षड्ज स्थिर झाला आहे. पुढे हात वाढला आणि मन झाले तर ती मोठी गिटार घेईल, न झाले तर न घेईल.

वाचकांतील आईबापांस माझी एवढीच विनंती आहे. मूल वाद्य निवडते तेव्हा त्याच्या बोटांकडे आणि त्याच्या कानांकडे पाहा, शेजारच्या घरातील वाद्याच्या लांबीकडे पाहू नका. ज्या उस्तादाला मोठी सारंगी पूर्ण वश होती, त्याने जाणूनबुजून लहान सारंगी उराशी धरली आणि हिंदुस्थानभर आपला सूर ऐकविला. आमच्या पोरांना एवढा दाखला पुरेसा व्हावा.