तंबाखू-चुन्याचा माग काढणारे डॉक्टर : कोण होते व्ही. आर. खानोलकर?

सोलापुरात तळहातावर तंबाखू-चुना मळणारी माणसं नाक्यानाक्यावर दिसतात. या शहरात आजही हजारो महिला विड्या वळून घर चालवतात. म्हणजे तंबाखू इथं काहींचं व्यसन आहे आणि काहींची भाकरीही. तंबाखूच्या सवयी आणि कॅन्सर यांचं नातं शास्त्रीय पद्धतीनं मांडणाऱ्या भारतीयांमध्ये एक नाव आघाडीवर आहे : डॉ. वसंत रामजी खानोलकर.

लंडन ते परळ

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. १९२३ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजीत एमडी केलं. मुंबईत परतल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये शिकवलं. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

गाठ कुठे आहे? सवय काय आहे?

१९४५ मध्ये त्यांनी सहकारी सूर्याबाई यांच्यासोबत एक शोधनिबंध लिहिला. त्यात सवयींशी जोडलेले तीन कॅन्सर होते. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा, म्हणजे गावठी चिरूट, पेटतं टोक तोंडात धरून ओढतात. तिथं कॅन्सर टाळूला होत होता. बिहारमध्ये तंबाखू-चुन्याची खैनी खालच्या ओठात ठेवतात; तिथं तो ओठाला. आणि धोतर वर्षानुवर्षं घट्ट कसल्यानं कमरेच्या कातडीला. सवय जिथं घासते, जाळते किंवा मुरते, तिथंच गाठ.

पेशीत नेमकं काय घडतं?

चुन्यामुळे तोंडातलं मिश्रण अल्कधर्मी होतं. त्यात सुपारीही असेल तर तिच्यातली रसायनं ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार करतात. तंबाखूचा धूरही असे रेणू आणतो. ते डीएनएमधल्या ‘जी’ या अक्षराला बिघडवतात. ‘जी’ची जोडी ‘सी’शी जुळते, पण बिघडलेला ‘जी’ कधीकधी ‘ए’शी जुळतो. मग पेशी दुभंगताना नक्कल चुकते.

शरीर असे बिघाड सतत दुरुस्त करत असतं. पण मारा रोजचा असेल तर काही चुका राहून जातात, साठतात आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. अर्थात, तंबाखूतली नायट्रोसामाइन्ससारखी इतर विषंही डीएनए बिघडवतात.

‘जी’च्या या बिघाडाचा शोध जपानमध्ये १९८४ मध्ये लागला. खानोलकर २९ ऑक्टोबर १९७८ रोजीच गेले होते. रेणू माहीत नसतानाही त्यांनी सवय नेमकी ओळखली होती.

वारसा

१९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्राचे ते संस्थापक-संचालक. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं आणि १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांनी उभारलेलं संशोधन केंद्र आज टाटा मेमोरियलच्या नवी मुंबईतल्या खारघर इथल्या संस्थेचा भाग आहे.

तुमच्यासाठी महत्त्वाचं

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड पूर्ण न उघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि वर्षानुवर्षांची सवय असली, तरी सोडल्यावर धोका हळूहळू कमी होतो.