लॉरा ब्रिजमन : शाळा संपल्यानंतर

हेलन केलरचे नाव आपल्या रविवारच्या शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. तिच्या पन्नास वर्षे आधी त्याच वाटेने गेलेल्या लॉरा ब्रिजमनची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही.

लॉरा १८२९ साली अमेरिकेत, हॅनोव्हर येथील एका शेतकऱ्याच्या घरी जन्मली. दोन वर्षांची असताना स्कार्लेट तापाने तिची भावंडे दगावली. ती वाचली, पण दृष्टी व श्रवण दोन्ही गेली. १८३७ साली डॉ. सॅम्युएल हाऊ यांनी तिला बॉस्टनच्या अंधशाळेत आणले. चमचा, चावी अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या लावून त्यांनी तिला भाषा दिली. १८४२ साली चार्ल्स डिकन्स तिला पाहून गेले, तिच्याविषयी त्यांनी लिहिले आणि ती जगाला माहीत झाली.

इथवरची गोष्ट सगळेच सांगतात. १८५० साली, विसाव्या वर्षी, तिचे शिक्षण संपले. सोबतची शिक्षिका गेली आणि पुढे लॉराची रवानगी घरी झाली. आईवडील मायाळूच होते. पण शेताच्या रामरगाड्यात तिच्या तळहातावर बोटांनी एकेक अक्षर उमटवीत बोलत बसायला सवड कोणाला? तिने अन्न टाकले, अंथरूण धरले. हाऊसाहेबांच्या कष्टांना तोड नाही. परंतु ही मुलगी मोठी झाल्यावर कोठे राहील, कोणाशी बोलेल, याची तजवीज आधी झाली नव्हती, असे मला वाटते.

चूक ध्यानात येताच त्यांनी तिला परत आणविले. मनोरुग्णांसाठी झटणाऱ्या डोरोथिया डिक्सबाईंच्या साहाय्याने तिच्या निर्वाहासाठी कायम निधी उभा केला. शाळा हेच तिचे घर झाले. उन्हाळ्यात ती गावी जाई. विणकाम, शिवणकाम करून ती विकी व चार पैसे स्वतःचे मिळवी. लहानपणी हाऊंनी तिला मंडळ्यांच्या शिकवणीपासून दूर ठेवले होते. पुढे तिचे तिने ठरविले, आणि १८६२ साली गावाकडे बाप्तिस्मा घेतला.

शाळेत तिच्यासोबत राहिलेली ॲन सलिव्हन ही बोटांची भाषा शिकली. १८८७ साली ती हेलनला शिकवायला निघाली, तेव्हा बरोबर एक बाहुली होती. तिचे कपडे लॉराने शिवले होते. १८८९ च्या मे महिन्यात, ५९ व्या वर्षी, लॉरा त्याच शाळेत प्रभूमध्ये निद्रिस्त झाली.