वसतिगृहाची माउली

जयसिंगपूरहून जवळच बाहुबलीचा डोंगर आहे. त्या डोंगराच्या परिसरात कुंभोज नावाचे जुने गाव आहे. जयसिंगपूर मात्र त्या मानाने नवे. राजर्षी शाहू छत्रपतींनी आपले जनकपिता जयसिंगराव यांच्या नावाने 1917 साली ही पेठ वसविली. कुंभोज गावी 22 सप्टेंबर 1887 रोजी भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना कर्मवीर म्हणून ओळखू लागला. त्यांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई याच मुलखातील एका सधन जैन पाटील घराण्यातल्या. कर्मवीरांची चरित्रे पुष्कळ लिहिली गेली. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्यांत बहुधा एखाद-दुसरे पान येते. वास्तविक ते पान सावकाश वाचण्याजोगे आहे.

माहेरी दूधदुभते, शेतीवाडी, अंगावर भरपूर सोने, असे लक्ष्मीबाईंचे बालपण होते. सासरचे चित्र निराळे होते. भाऊरावांचे वडील पायगोंडा पाटील हे महसूल खात्यात कारकून होते. भाऊरावांची शाळा अर्ध्यावरच सुटली होती. कोल्हापुरात शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले आणि परत आल्यावर त्यांनी विटाळाचे स्नान करण्याचे नाकारले. त्यामुळे ते राहत असलेल्या वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले. पुढे साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरविण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. पती महिनोन्‌महिने घराबाहेर आणि हाती बेताचा पैसा, अशा संसारात लक्ष्मीबाईंचे दिवस जात होते.

याच काळात घरावर एक मोठे संकट कोसळले. 1914 साली कोल्हापुरात राजा एडवर्ड यांच्या पुतळ्याला कोणी तरी डांबर फासले. अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी भाऊरावांवर दडपण आणले. त्यांनी ती दिली नाही. त्याबद्दल त्यांना तुरुंगवास आणि छळ सोसावा लागला. तरुण पत्नीने ते दिवस कसे काढले असतील, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

भाऊरावांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्व घरांतील मुले तेथे एकत्र राहू लागली, एका पंगतीत जेवू लागली. या मुलांजवळ फीचे पैसे नव्हते. कित्येकांच्या अंगावर धड कपडेही नव्हते. भाऊराव रागीट आणि शिस्तीचे कडक होते. मुले त्यांना मान देत, परंतु भीतही. पोट दुखले, ताप आला किंवा घरची आठवण होऊन रडू कोसळले, की मुलांची पावले लक्ष्मीबाईंकडे वळत.

हे वात्सल्य त्यांच्या ठायी पहिल्या दिवसापासून तयार होते असे म्हणणे सोयीचे आहे. परंतु ते खरे नाही. लक्ष्मीबाई सोवळे-ओवळे कटाक्षाने पाळणाऱ्या घरात वाढल्या होत्या. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाची सावली टाळायची, हे त्यांना लहानपणापासून धर्म म्हणून शिकविले गेले होते. भाऊरावांनी अस्पृश्य मानलेल्या जातीतला मुलगा घरात आणून ठेवला, तेव्हा त्यांच्या मनाची ओढाताण झाली. एकीकडे आईवडिलांनी दिलेले संस्कार आणि दुसरीकडे दारात उभे असलेले उपाशी लेकरू! त्या मुलाला जेवू घालायचे, पण अंतर राखून, असा मधला मार्ग त्यांना सहज काढता आला असता. त्या काळी अनेक सज्जन माणसे तसेच करीत. परंतु ज्याला हात लावायचा नाही, त्याचा ताप कपाळावर हात ठेवून कसा पाहणार? हळूहळू लक्ष्मीबाईंचे सोवळे गळून पडले. आपल्याच मनाने घातलेली अट आपल्याच हाताने काढून टाकणे हे काम बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याचे मोल कमी लेखले जाते.

मग त्या मुलांच्या खऱ्या अर्थाने आई झाल्या. त्यांच्यासाठी भाकऱ्या भाजणे आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करणे हा त्यांचा नित्यक्रम झाला. पोटच्या मुलांहून त्यांनी या मुलांना वेगळे मानले नाही.

वसतिगृह लोकांच्या देणगीवर चाले आणि देणगी काही रोज मिळत नसे. धान्य संपले की लक्ष्मीबाईंचा एखादा दागिना मोडला जाई. पाटल्या गेल्या, बांगड्या गेल्या. माहेरून आलेले सोने असे एकेक करून जोंधळ्याच्या रूपाने मुलांच्या ताटात पडले. शेवटी एके दिवशी भाऊराव निधी जमविण्यासाठी परगावी गेले असता कोठीत काहीच उरले नाही. मुले उपाशी निजणार, हे स्पष्ट दिसत होते. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र काढून विकावयास दिले आणि धान्य आणविले.

आज या गोष्टीचे गांभीर्य चटकन ध्यानात येणार नाही. त्या काळी पती हयात असताना मंगळसूत्र उतरविणे अत्यंत अशुभ मानीत. शेजारीपाजारी काय म्हणतील, सासरमाहेरची माणसे काय म्हणतील, पतीच्या आयुष्याला काही अपाय तर होणार नाही ना, अशी भीती त्या काळच्या कोणत्याही स्त्रीच्या मनात उभी राहिली असती. शिवाय त्या सोन्याची मुलांकडून परतफेड होण्याची यत्किंचितही आशा नव्हती. ती मुले पास होतील की नापास, मोठेपणी आठवण ठेवतील की विसरून जातील, हे कोणाला ठाऊक होते? संध्याकाळी चूल पेटली आणि पंगत बसली.

25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधी वसतिगृहात आले. त्यांच्या हस्ते त्याचे नामकरण श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे झाले. ज्या कोल्हापूर संस्थानात भाऊरावांना तुरुंग पाहावा लागला, त्याच संस्थानच्या अधिपतीचे नाव त्यांनी आपल्या वसतिगृहाला दिले. झालेला अन्याय त्यांनी मनात धरून ठेवला नाही. शाहू महाराजांचा बहुजनांविषयीचा कळवळा तेवढा लक्षात ठेवला. हे पती आणि पत्नी एकाच मातीचे होते, असे म्हणावयास हरकत नाही.

लक्ष्मीबाईंना दीर्घायुष्य लाभले नाही. 1930 साली त्यांचे निधन झाले. संस्थेच्या पहिल्या हायस्कुलाची स्थापना त्यांना दिसली नाही. ती 1940 साली झाली. 1947 साली साताऱ्यात निघालेले छत्रपती शिवाजी कॉलेजही त्यांनी पाहिले नाही. त्याच वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हे वैभवही त्यांच्या पश्चात आले. भाऊराव 9 मे 1959 पर्यंत जगले. पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. देऊन गौरविले, तेव्हा लक्ष्मीबाईंना जाऊन एकोणतीस वर्षे झाली होती.

सोलापूरला मुलींचे एक महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते. लक्ष्मीबाईंनी पाहिली ती केवळ साताऱ्याची पंगत आणि जेवून उठलेली मुले.