गिरणीत घडलेला वैद्य

१८७३ साली आफ्रिकेतील चितांबो गावी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे हृदय पुरण्यात आले. तेथे दफनविधीची प्रार्थना वाचणारा याकोब वेनराईट हा आपल्या नाशिकच्या शरणपुरात शिकलेला तरुण होता. म्हणून हे नाव मराठी मंडळीस परके नाही. त्यांचे प्रवास आपण वाचले असतील. पण ते वैद्य कसे झाले? रायपूरच्या तात्यापाऱ्यात असो वा पुण्याच्या पेठेत, दिवसा नोकरी व रात्री वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करणारे कोणी आपल्या घरी असेल, तर ही हकिकत त्यास अवश्य सांगा.

१८१३ साली स्कॉटलंडमधील ब्लँटायर येथे जन्मलेले लिव्हिंग्स्टन दहाव्या वर्षी सूतगिरणीत तुटलेले धागे जोडू लागले. काम सकाळी ६ ते रात्री ८. पहिल्या आठवड्याच्या मजुरीतून त्यांनी लॅटिनचे व्याकरण विकत घेतले. ८ ते १० रात्रशाळा, पुढे मध्यरात्रीपर्यंत वाचन. अखेर आई हातातून पुस्तक हिसकावून घेई. एवढ्यानेही भागेना, तेव्हा यंत्राच्या चौकटीवर उघडे पुस्तक ठेवून येताजाता ते एकेक वाक्य वाचून घेत. यंत्रांच्या घरघरीत मन एकाग्र करण्याची ही सवय त्यांना जन्मभर उपयोगी पडली. सिंहाशी झालेल्या त्यांच्या प्रसिद्ध झटापटीपेक्षा मला तर हेच अधिक मोलाचे वाटते.

शास्त्रीय ग्रंथांनी मुलाची श्रद्धा ढळेल, ही वडिलांची भीती. परंतु १८३४ साली चीनसाठी वैद्यकीय मिशनरी हवेत असे आवाहन झाले. त्यात लिव्हिंग्स्टन यांना आपले पाचारण दिसले आणि वडिलांचा विरोधही मावळला.

१८३६ च्या हिवाळ्यात ते ग्लासगोच्या अँडरसन कॉलेजात दाखल झाले. उन्हाळ्यात गिरणीत कमवावे, हिवाळ्यात शिकावे, असा क्रम. आठवड्यास दोन शिलिंग भाड्याची खोली मिळाली; पण तेथे चहा-साखर चोरीस जाऊ लागली, म्हणून नाइलाजाने अडीच शिलिंगांची घ्यावी लागली!

पुढे लंडनच्या मिशनरी संस्थेने त्यांना स्वीकारले आणि तेथील रुग्णालयांत त्यांचे शिक्षण झाले. नोव्हेंबर १८४० मध्ये ग्लासगोस अंतिम परीक्षा झाली. त्या काळी नव्या असलेल्या स्टेथोस्कोपच्या उपयोगाविषयी त्यांनी परीक्षकांशीच मतभेद दर्शविला. त्यामुळे परीक्षा फार लांबली व कठीण झाली. तरी ते उत्तीर्ण झाले. अफूच्या युद्धामुळे चीनचे दार बंद होते. म्हणून डिसेंबरात ते आफ्रिकेस जाणाऱ्या जहाजात चढले.